तक्त्यातला चौथा रकाना

पीएच.डी. झालेल्या माणसाला त्याच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण कशावर आहे, असं एकदम विचारू नये. तो आधी चष्मा पुसायला घेतो. तेच मला विचारलंत तर मी पान क्रमांकासकट सांगेन. कारण त्याने ते एकदाच लिहिलेलं असतं आणि मी ते तीनदा टाइप केलेलं असतं. एकदा कच्चं, एकदा सरांच्या दुरुस्त्यांसह, आणि एकदा सरांनी स्वतःच्याच दुरुस्त्या रद्द केल्यावर.

मेहकरात कॉलेजच्या फाटकासमोर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान होतं. मागच्या वर्षी ते पुतण्याच्या हवाली केलं आणि आता मी तिथे फक्त चहाला जातो. टाइपरायटरपासून कॉम्प्युटरपर्यंतचा काळ त्या टेबलामागे बसून काढला. तेवढ्या वेळात मराठी साहित्य, लोकगीतं, जत्रा, ग्रामीण समाजाचे प्रश्न, स्त्रियांचं स्थान आणि व्यसनमुक्ती इतक्या विषयांचा माझा अभ्यास झाला. पदवी मात्र एकाही विषयात मिळाली नाही. माझं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत राहिलो, तो राहिलोच.

ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला एक लघुप्रबंध करावा लागतो. आपल्या भागातला एखादा विषय घ्यायचा, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं आणि शंभरेक पानं लिहायची. मग ती कोणीतरी टाइप करायची, शिवायची, वर मरून रंगाचं रेक्झिन चढवून सोनेरी अक्षरं उमटवायची. हा कोणीतरी म्हणजे मी. पाच प्रती लागतात. चार कुठे कुठे जमा होतात आणि पाचवी विद्यार्थ्याच्या घरी टीव्हीशेजारी उभी राहते. आलेल्या पाहुण्याला ती दाखवतात, पाहुणा वजन करून पाहतो आणि परत देतो.

प्रबंधाचे काही भाग विद्यार्थी स्वतः लिहीत नाहीत, हे आता सांगायला हरकत नाही. ऋणनिर्देशाचे तीन नमुने माझ्याकडे तयार असत. एक साधा, एक डोळ्यात पाणी आणणारा, आणि एक सरांच्या घरी ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांच्यासाठी, ज्यात वहिनींच्या चहापोह्यांचा उल्लेख होता. तिसऱ्याला फार मागणी. नाव बदललं की काम झालं. एकदा सरांचं नाव बदललं आणि वहिनी गाळायच्या राहिल्या, तेव्हा अविवाहित सरांच्या घरच्या वहिनींचे आभार मानले गेले होते. सर बिचारे चांगले. त्यांनी फक्त विचारलं की पोहे कसे झाले होते.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. सोनाळ्याचा एक गडी मेहकरात मामाकडे राहून शिकत होता. त्याने पोळ्यातल्या झडत्यांवर काम केलं. आमच्याकडे पोळ्याला बैल उभे केले की कोणीतरी पुढे होऊन चार ओळी ठणकावतो आणि त्यात गावातल्या कोणाची तरी उतरवतो, त्या झडत्या. गड्याने ढीगभर जमवल्या. त्यातली एक सरपंचावर होती आणि ती चांगलीच झोंबणारी होती. सर म्हणाले, ही गाळा. गडी म्हणाला, गाळली तर अभ्यास कसला? शेवटी तोड अशी निघाली की आक्षेपार्ह शब्दांच्या जागी टिंबं द्यायची. मी प्रामाणिकपणे जितकी अक्षरं तितकी टिंबं दिली. आठ दिवसांत सोनाळ्यात लोक ती टिंबं मोजून शब्द भरायला बसले आणि खुद्द सरपंचांनी माणूस पाठवून त्या पानाची झेरॉक्स मागवली. ती त्यांनी जपून ठेवली म्हणतात.

दुसरं प्रकरण माझ्याच अंगाशी आलं. एकाने रोहिणखेडच्या जुन्या मशिदीवर लिहिलं होतं. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायाचं. वर्णनात कुठेतरी एक झाड होतं, ते मला लागेना. विचारायला तो हजर नव्हता, म्हणून मी आपलं चिंचेचं झाड टाकलं. पुढच्या काही वर्षांत त्याच विषयावर आणखी दोन लघुप्रबंध आले आणि दोन्हींत चिंच होती. त्यातल्या दुसऱ्यात तर तिच्या सावलीत बसून संशोधकाने गावकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. एकदा मोताळ्याला लग्नाला गेलो तेव्हा वाट वाकडी करून मुद्दाम पाहून आलो. मशीद पाहून मन भरलं, पण मी म्हणत होतो तिथे चिंच सोडा, झाडच नव्हतं. त्या दिवशी मी खूप हसलो आणि घरी येईस्तोवर ते हसू जरा कमी झालं होतं. आपण टाइप केलेलं पुढचे लोक खरं धरतात, ही गोष्ट मला तेव्हा कळली होती. तरी पुढचं घडायचं राहिलं नाही.

करुणा डोणगावची. बौद्ध घरातली, बाप पंक्चर काढायचा, आई मजुरीला. वर्गात ती सगळ्यांत मागे बसत असेल असं वाटे, इतकी कमी बोलायची. पण तिचं हस्तलिखित हातात घेतलं आणि मी सरळ बसलो. विषय होता डोणगाव परिसरातल्या बौद्ध स्त्रियांची गाणी. पाळण्याची, लग्नाची, जयंतीची, निंदणी करताना म्हणायची. बारा बायकांकडे ती वर्षभर जाऊन बसली होती, मोबाइलवर गाणी घेतली होती, कोणत्या शब्दाला बाई हसली आणि कुठे थांबली तेसुद्धा कंसात लिहिलं होतं. उचलेगिरीचे प्रबंध मी वासावरून ओळखतो. हा तसा नव्हता. मी तो टाइप करताना मध्येच थांबून वाचत बसायचो आणि बाकीची गिऱ्हाईकं ओरडायची.

प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट असतं आणि त्यात माहिती देणाऱ्यांचा तक्ता. नाव, वय, व्यवसाय, शिक्षण, असे चार रकाने. करुणाने पहिले तीन भरून दिले होते आणि चौथा रिकामा ठेवला होता. विचारून सांगते, असं ती म्हणाली होती आणि मग परीक्षेच्या धांदलीत तिचं राहून गेलं. तक्ते मी एक्सेलमध्ये करायचो. त्यात एक सोय असते. पहिल्या चौकोनात शब्द टाकला की त्याचा कोपरा माऊसने धरायचा आणि खाली ओढायचा, की सगळे चौकोन त्याच शब्दाने भरतात. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका, गाणी सांगणाऱ्या. हजारदा केलेलं काम. मी पहिल्या चौकोनात ‘निरक्षर’ टाकलं आणि ओढलं. हात थांबला नाही, डोकं तर त्या वेळी चहाच्या गाडीकडे होतं.

करुणाने गाण्यांची पानं तीन वेळा तपासली. परिशिष्ट कोणी तपासत नाही. सरांनी सही केली, मी पाची प्रती बांधल्या आणि जमा करायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी तिच्या हाती दिल्या. ती खुशीत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दुकानासमोर काळीपिवळी जीप थांबली आणि प्रतींची पिशवी घेऊन करुणा उतरली. तिच्या मागून सत्तरी ओलांडलेली एक बाई उतरली. विहारात जायचं धुतलेलं पांढरं लुगडं, पायात नव्या चपला, काखेत पंच्यात गुंडाळलेली प्रत. या वत्सलाबाई. करुणाच्या आजीची धाकटी बहीण, म्हणून करुणा तिलाही आजीच म्हणायची. मी स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही. तिने प्रत टेबलावर ठेवली, शेवटून उघडली, तक्त्याचं पान काढलं आणि एका ओळीखाली बोट ठेवून सावकाश, पण न अडखळता वाचलं. वत्सलाबाई. एकाहत्तर. शेतमजुरी. निरक्षर.

मग मान वर करून म्हणाली, “हे कोणं लिहलं, भाऊ?”

करुणाकडे बोट दाखवणं सोपं होतं. रकाना तिनेच रिकामा ठेवला होता. पण त्या बाईचं बोट अजून त्या शब्दाखाली होतं. मी म्हणालो, “म्या लिहलं.”

“काऊन?”

सगळेच असं लिहितात, असं काहीतरी मी पुटपुटलो. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

उरलेलं करुणाने सांगितलं. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, त्यांच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एक जण वाचतो आणि बाकी वस्ती ऐकते. वत्सलाबाई लहानपणी शाळेत गेली नाही, तीही ऐकणाऱ्यांतली. एका वर्षी वाचणारे गुरुजी आजारी पडले आणि ग्रंथ आठ दिवस कपड्यात गुंडाळलेला पडून राहिला. हिला ते सहन झालं नाही. पन्नाशी उलटलेली होती, तरी नातीचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसली. दोन वर्षांनी वर्षावासात ग्रंथ तिच्यासमोर उघडला गेला आणि तेव्हापासून तीच वाचते. काल संध्याकाळी करुणाने कौतुकाने प्रत तिच्या हाती दिली, तर बाईने आपलं नाव कुठे आहे म्हणून आधी तेच पान काढलं. सांगताना करुणाचे डोळे भरले. माझी चूक आहे, मी विचारायला पाहिजे होतं, असं ती दोनदा म्हणाली.

आता अडचण अशी होती की आज शेवटची तारीख. पाचच्या आत ऑफिसात प्रती गेल्या नाहीत तर निकाल अडकणार, म्हणजे करुणाचं वर्ष गेलं. याच निकालावर ती बी.एड.ला जाणार होती. आणि नवं बायंडिंग करायचं म्हटलं तर खळ वाळायला आणि प्रती दाबाखाली ठेवायला एक दिवस लागतो. मी हे सगळं समजावून सांगितलं. वत्सलाबाईने ऐकलं आणि म्हणाली, “मंग राहू दे बाई. कागदावरच तं हाय. देऊन टाक.”

करुणा कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशीही चढवला नाही. ती म्हणाली, “आजी, हे पुस्तक लायब्ररीत राहीन. तू नसशीन, मी नसीन, तईबी राहीन. मी असं नाई देत.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “वर्ष गेलं तं जाऊ द्या, काका.”

मी आयुष्यात पुष्कळ विद्यार्थी पाहिले. एका गुणासाठी सरांच्या घरी भाजी पोचवणारे पाहिले. एका शब्दासाठी वर्ष सोडायला निघालेली ही पहिली. मला माझी लाज वाटली आणि खोटं कशाला बोलू, तिचा अभिमानही वाटला, जणू मीच तिला शिकवलं होतं. मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं, बाहेर ‘दुकान बंद’ची पाटी लावली आणि ब्लेड घेतलं. बांधलेल्या पुस्तकातलं पान बदलता येतं. शिवणीपासून बोटभर पट्टी ठेवून जुनं पान कापायचं आणि त्या पट्टीवर नवं चिकटवायचं. निगुतीने केलं तर कोणाला कळत नाही. पाच प्रतींत पाच पानं, दोन तासांचं काम.

करुणा म्हणाली, आजीच्या नावापुढे साक्षर लिहा. मी कॉम्प्युटरवर बसलो. तेव्हा वत्सलाबाई पहिल्यांदा स्टुलावर बसली आणि म्हणाली, “आन् बाकीच्या अकरा जणीइले विचारलं का कोणं?”

कोणी विचारलं नव्हतं. पण तिला सगळं ठाऊक होतं, कारण त्यांच्यातल्या चौघींना तिनेच शिकवलं होतं. ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. सुभद्राबाईला वाचता येतं, पण बोटं वाकलीत म्हणून लिहिता येत नाही. कमलबाईला सही येते आणि बँकेत कोणी अंगठा मागितला तर ती भांडते. शांताबाई चक्क सातवी पास होती. नवरा तिसरीतून पळालेला, म्हणून सासरी तिने हे कधी सांगितलंच नाही. यावर वत्सलाबाई मिशीत हसावं तशी हसली आणि म्हणाली, सातवी तेवढी लिहा, पळाल्याचं लिहू नका. पार्वताबाईला खरोखरच अक्षर येत नव्हतं. मी निरक्षर टाइप करायला लागलो तर ती म्हणाली, तिले रातभर पुरतीन एवढे गाणे पाठ हायेत, तेबी लिहा. मी म्हणालो, मावशी, हा शिक्षणाचा रकाना आहे. “मंग ते कोन्त्या रकान्यात लिहता?” तिने विचारलं. असा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. मी तिथेच लिहिलं.

चौथा रकाना इतका फुगला की एका पानाचा तक्ता तीन पानांवर गेला. शेवटी फक्त तिची ओळ राहिली. काय लिहू, मी विचारलं. ती म्हणाली, “माह्यं कोरं ठेवा. मी लिहतो.” आमच्याकडच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल असंच, पुरुषासारखं बोलतात.

तो मे महिना होता. आमच्याकडचं ऊन एरवी शिव्या खातं, त्या दिवशी कामाला आलं. तिन्ही पानं एकाच पट्टीवर चिकटवून पाची प्रती मी पत्र्यावर विटा ठेवून वाळत घातल्या. त्या वाळेपर्यंत मी फाटकाकडे पाहत बसलो. समोरच्या कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या हातचे कितीतरी प्रबंध होते आणि त्यातल्या कितीतरी तक्त्यांत मी तो शब्द वरून खालपर्यंत ओढला होता. त्यातल्या कोणाकोणाला वाचता येत असेल, हे आता कोणाला विचारणार? बऱ्याच जणी गेल्याही असतील. ते काम दुरुस्त होण्यासारखं नाही आणि त्याची रुखरुख मला कायम राहील. दुकान पुतण्याला देताना मी त्याला मशीनच्या आधी एवढं सांगितलं, की हा रकाना कधीही ओढून भरायचा नाही.

वत्सलाबाईने तोवर रद्दीतला एक कागद मागून घेतला आणि त्याच्या पाठीवर तीनदा लिहून पाहिलं. मग पेन नीट पुसून एकेक प्रत पुढे ओढली. काय लिहिते ते मी पाहिलं नाही. पेपर सोडवणाऱ्याच्या पुरवणीत डोकावू नये.

चारच्या सुमाराला आम्ही तिघं सरांपुढे उभे होतो. करुणाचे सर म्हणजे नियमाचा माणूस. समास दोन सूत कमी भरला तर प्रबंध परत करणारे. करुणाने सगळं खरं सांगितलं आणि मीही माझी चूक सांगून टाकली. सरांनी नवी तीन पानं वाचायला घेतली. पार्वताबाईपाशी थांबले, पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीवर आले आणि भुवया वर गेल्या. निळ्या शाईतलं ते मोठं, एकेक अक्षर सुटं लिहिलेलं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. “शिकून राह्यली.” आमच्या बोलीत म्हणजे, अजून शिकते आहे.

सर म्हणाले की मजकूर उत्तम आहे, पण हाताने लिहिलेलं चालत नाही, नियमच आहे, तेवढं टाइप करून आणा.

करुणा म्हणाली, “सर, टाइप केलेलं कालबी होतं. ते खोटं होतं.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग ते उठले. त्यांनी आपली खुर्ची वत्सलाबाईला दिली आणि स्वतः उभे राहून पेन काढलं. हाताने केलेल्या दुरुस्तीशेजारी मार्गदर्शकाची सही असेल तर ती धरतात, असाही एक नियम आहे. तो त्यांना त्या वेळी आठवला. त्यांनी त्या ओळीशेजारी झरझर सही केली आणि दुसरी प्रत पुढे ओढली.

वत्सलाबाई खुर्चीतून पुढे वाकली. सहीखाली बोट ठेवून तिने एकदा, दोनदा वाचायचा प्रयत्न केला. “सर,” ती म्हणाली, “हे मले वाचता येत नाई.”

सर म्हणाले, सही आहे आजी, सही अशीच असते.

“माह्यं तं वाचता येते,” ती म्हणाली.

सर हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच हसताना पाहिलं. पहिली प्रत त्यांनी परत ओढली आणि सहीखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं. मग तसंच उरलेल्या चार प्रतींत. पाच वाजायला वीस मिनिटं होती आणि ऑफिस खालच्या मजल्यावर होतं, पण कोणी घाई केली नाही. वत्सलाबाईने पाचही नावं बोट ठेवून वाचली, मग प्रती एकावर एक रचून करुणाच्या हाती दिल्या.

“आता बराबर हाय,” ती म्हणाली. “ने.”